तिसऱ्या मजल्यावरून टाळी

"अहो मॅडम, उतरा! तो सोफा नाहीये!"

मी दचकले. रिकाम्या खोक्यांच्या ढिगावर मी मस्त पाय पसरून बसले होते, आणि समोर एक उंच, घामाघूम माणूस कमरेवर हात ठेवून उभा!

"हिरोईनने तिकडे खुर्चीवर बसायचं असतं," तो म्हणाला.

"हिरोईन खुर्चीवरच आहे. तिच्यासारखाच झगा घालून तिसऱ्या मजल्यावरून पडणारी… ती मी."

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "म्हणजे ही खोकी मी तुमच्यासाठीच रचतोय?"

"मग बसून बघायला नको?"

तो हसला. बाई गं… काय हसला!

मग रोज तालीम. आपण रचलेल्या खोक्यांवर पहिली उडी आपलीच, हा त्याचा हट्ट. स्वतः उडी मारायची, चेपलेली खोकी बदलायची, आणि मगच मला वर सोडायचं. पडल्यावर मी टाळी वाजवायची. आमच्या कामात टाळी म्हणजे हाडं जागेवर. ती ऐकू येईपर्यंत कॅमेऱ्यासमोर कुणी धावत यायचं नाही.

"एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात," एकदा तो खोकं चिकटवताना पुटपुटला. "दुसरा हात लागला तर… मी आहे."

"कशाला?"

"खोकी रचायला!" कान लालबुंद.

तालमी सगळ्या पहिल्या मजल्यावरून झाल्या. तिसऱ्यावर जायची माझी हिंमतच होत नव्हती. गेल्या वर्षी पडताना घोटा मोडला, तेव्हापासून उंच कठड्याशी गेलं की पाऊल आपोआप मागे यायचं. "बस झाल्या उड्या," आई रोज म्हणायची. आणि शूटिंगच्या सकाळी फाइट मास्तरांनी स्पष्टच सांगितलं, "पोरी, आज जमलं नाही तर एखाद्या गड्याला विग घालून उभा करतो. मग पुढची कामंही त्यालाच."

हेच काम मला येत होतं. हेच मला आवडत होतं. ते कसं जाऊ देऊ?

पाइपांतून खोटा पाऊस सुरू झाला. मी कठड्यावर… आणि पाऊल पुन्हा मागेच. खाली तो खोक्यांवरचं प्लास्टिक ओढून काढत होता, चिंब भिजलेला.

"मघाशी मी तिथूनच उडी मारली!" तो ओरडला. "खोकी मस्त आहेत!"

"घाबरला होतात?"

"प्रचंड!"

मला हसूच फुटलं. मास्तरांनी "ॲक्शन!" म्हटलं, आणि त्या हसण्यातच मी स्वतःला सोडून दिलं.

धप्प!

वर आभाळ, तोंडावर पाऊस, नाकात ओल्या पुठ्ठ्याचा वास. जमलं! मला जमलं! आनंदाने अशी येडी झाले की टाळी वाजवायचीच विसरले.

"ए… बोल ना! बोल काहीतरी!" तो थेट कॅमेऱ्यासमोरून धावत आला. कालपर्यंत 'तुम्ही' म्हणणारा माणूस, डोळ्यांत पाणी आणून मला 'तू' म्हणत होता.

"कट!" मास्तर कडाडले. "गाढवा, टाळीआधी धावलास! अख्खा शॉट मातीत घातलास!"

त्याने मान खाली घातली. "माझ्यामुळे तुला परत…"

"सुकी खोकी आण," मी म्हटलं. "मी वर चालले."

पाऊल मागे? कसलं येतंय! जिना धावतच चढले. दुसरी उडी पहिलीपेक्षा देखणी पडली, आणि माझी टाळी अशी कडकडून वाजली की सगळा सेट टाळ्या वाजवायला लागला. मास्तरांनी टोपी काढली. "पुढच्या सिनेमातली उडीही तुझीच गं!"

तो मात्र यावेळी शहाण्यासारखा लांबच उभा होता. "आता… येऊ का जवळ?"

"टाळी ऐकलीस ना?"

तो आला. भिजलेला हात पुढे केला. "तू हव्या तेवढ्या उड्या मार. मी अडवणार नाही. पण खालची खोकी जन्मभर मीच रचणार. मला तू आवडतेस… फार. चालेल?"

मी त्याच्या तळहातावर खणखणीत टाळी दिली, आणि हात काही परत घेतला नाही.