दहावी सही

आमच्या गाईचं नाव जनरल होतं. वाल्देब्राच्या टेकडीवर, मालकानं युद्धात सोडून दिलेल्या उन्हाळी बंगल्यात आम्ही चौदा जण कागदोपत्री शेती शिकत होतो, आणि त्या शेतीचा एकमेव पुरावा म्हणजे जनरल. तिच्या गव्हाणीखाली फळ्यांच्या आत एक खरी स्टेनगन होती. बाकी सगळं लाकडी. बंदुका लाकडी, सुरे लाकडी, हातबाँब म्हणजे ओढ्यातले गोटे. खालच्या गावातला फौजदार आठवड्यातून एकदा चक्कर मारायचा, मैदानातली आमची लाठ्यांची मारामारी बघायचा आणि गंभीरपणे विचारायचा, "बटाटे कसे आहेत यंदा?" आमच्यातला टिबोर तितक्याच गंभीरपणे सांगायचा, "फार चिवट आहेत, साहेब."

सन सत्तेचाळीसचा सप्टेंबर. सात मुलगे, सात मुली. कुणी छावणीतून वाचलेला, कुणी जंगलातून, कुणी मठाच्या तळघरातून. घर कुणालाच उरलं नव्हतं. तरी सांगते, इतकं हसण्यात गेलेलं दुसरं वर्ष माझ्या आयुष्यात नाही. सकाळी मक्याचा पोलेंटा, दुपारी तोच कापून तळलेला, आणि रविवारी शेजारची सिन्योरा ओर्तेन्सिया चेस्टनट आणायची तेव्हा चेस्टनट घातलेला. टिबोर म्हणायचा, ब्रिटिशांनी आपल्याला पकडलंच तर निदान जेवण बदलेल.

मी घड्याळजीची मुलगी. घड्याळ बंद पडलं तर आत धूळ असते, आत्मा नसतो, हे मला सहाव्या वर्षी कळलेलं. त्यामुळे पुढचं जे सांगणार आहे ते मी सांगावं याचा मलाच राग येतो.

आमचा शिक्षक अम्राम पॅलेस्टाईनहून आला होता. वय चोवीस, आवाज चाळिशीतला. पहिल्याच सकाळी त्यानं आम्हाला ओळीत उभं केलं आणि हुकूम सोडला, "डावीकडून आकडे म्हणा!" कुणी तोंड उघडलं नाही. त्यानं पुन्हा ओरडून सांगितलं, तेव्हा माल्का चक्क मातीत बसली. छावणीत रोज पहाटे आकडेच म्हणायला लागायचे. अम्रामला ते कुणी सांगितलं नाही, पण त्याला कळलं. तो माल्काशेजारी मातीत बसला, आणि त्या दिवसापासून त्यानं आम्हाला कधी मोजलं नाही.

तसंही आम्हा ज्यूंमध्ये माणसं मोजत नाहीत. प्रार्थनेला किंवा लग्नाला लागणारे दहा पुरुष जमले का ते बघायचं, तर दहा शब्दांचं एक जुनं वचन आहे. एकेकाकडे बोट करत एकेक शब्द म्हणायचा. वचन पुरं झालं की दहा जमले. आकडा उच्चारायचा नाही.

झालमनशी माझं कसं जुळलं ते सांगायला हवं. डोळ्यांवर पट्टी बांधून स्टेनगन सुटी करायची आणि पुन्हा जोडायची, यात माझा हात कुणी धरू शकत नव्हतं. झालमनच्या मात्र शेवटी नेहमी एक स्प्रिंग उरायची. एकदा माझी पट्टी सोडताना तो म्हणाला, "ब्रायना, माझ्याशी लग्न कर. तू असलीस तर काही उरणार नाही."

"आधी ती स्प्रिंग शोध," मी म्हटलं. मागून टिबोरनं शिट्टी मारली.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला, पॅलेस्टाईनला चोरून जाणाऱ्या जहाजाची यादी आली. झालमनचं नाव होतं, माझं नव्हतं. मी अम्रामला गाठलं.

"तू पुढच्या जहाजानं," तो म्हणाला. "फार तर दोन महिने."

"पुढच्या नको."

"ब्रायना, ही काय भाजी आहे का भाव करायला?"

बेचाळीस साली फलाटावर माझे वडील मला म्हणाले होते, "तू हो पुढे, मी पुढच्या गाडीनं येतो." मी हे अम्रामला सांगितलं. तो बराच वेळ टाचेनं माती उकरत राहिला. मग म्हणाला, "नवराबायकोला आम्ही वेगळं करत नाही. पण कागद पक्का हवा. बंदरावर खोट्या लग्नांचा सुळसुळाट झालाय, तिथला माणूस डोळे फाडून बघतो."

ट्रक रविवारी निघणार होता. छावण्यांमधून फिरणारा एक रब्बी, आमचा धर्मगुरू, शुक्रवारी दुपारी आमच्या रस्त्यानं जाणार होता. म्हणजे लग्न शुक्रवारी, नाहीतर नाहीच.

बुधवारी आनंदाच्या भरात मी पायरी चुकले आणि घोटा मुरगळला. लाठीच्या तासाला कुंपणाच्या दगडी भिंतीवर बसून राहिले. ऊन समोरून येत होतं, मैदानात धूळ उडत होती, ओल्या गवताचा वास होता. जोड्या लावून लढत चालली होती. मी नुसती ऐकत होते. लाठीवर लाठी पडते तेव्हा प्रत्येक जोडीचा ठेका वेगळा असतो, घड्याळांच्या दुकानात असतो तसा. सात ठेके होते.

मी भिंतीवर, अम्राम पलीकडच्या कडेला सूचना देत. मग मैदानात तेरा जण. एक जण नुसता उभा राहायला हवा होता.

डोळ्यांवर हात धरून बघितलं. धुळीत कुणीच नुसतं उभं नव्हतं.

तास संपल्यावर अम्राम खुशीत होता. "आज साती जोड्या झकास!"

"मी इथे बसले होते," मी म्हटलं.

"मग बसून लढलीस," तो हसत पुढे गेला.

झालमनच्या मनगटावर निळसर वळ उठला होता. मी गार पाण्याचं फडकं गुंडाळलं. "कोणी मारलं रे इतकं?"

"जोडीदारानं. मनगट वाकवू नकोस म्हणाला, आणि दिलाच एक ठेवून." तो बोटं हलवून बघत होता. "बरोबर होतं त्याचं."

"जोडीदार कोण होता?"

"तो गं... कडेचा." झालमन थांबला. "उन्हात तोंड नीट दिसलं नाही. फाइव्हल असेल."

फाइव्हल माल्काशी लढला होता. वाद कोण घालणार? शुक्रवार दोन दिवसांवर आला होता आणि मला पांढरा पोशाख नव्हता.

तो पोशाख पॅराशूटचा झाला. सिन्योरा ओर्तेन्सियानं रेशीम पोटमाळ्यावर लपवून ठेवलं होतं. मुलींनी एका दिवसात शिवलं, आणि माल्कानं कमरेला इतकं घट्ट केलं की श्वास घेताना टाके मोजता यावेत. मुलांनी चार लाठ्यांवर चादर बांधून छत केलं. जनरलच्या शिंगांना फुलं लावली, ती तिनं खाल्ली. अंगणात लांब टेबल मांडलं, त्यावर अर्थातच पोलेंटा, पण मधोमध सिन्योराचा सफरचंदाचा केक आणि दोन बाटल्या वाइन.

रब्बी अडीचला आला. बारीक, धुळीनं माखलेला, चिंतातुर माणूस. शुक्रवारी सूर्य मावळला की आमचा विश्रांतीचा दिवस लागतो, प्रवास बंद. त्याच्या आत त्याला पुढची छावणी गाठायची होती, त्यामुळे चारला निघणं भाग होतं.

"पुरुष दहा आहेत ना?" त्यानं विचारलं.

होते नऊ. सात मुलगे, अम्राम आणि रब्बी स्वतः. दहावा म्हणजे शहरातला, आमच्याच धर्माचा एक रेडिओ दुरुस्त करणारा, तो दुपारच्या बसनं येणार होता. तीन वाजले. बस आली नाही. सव्वातीनला गावातून निरोप आला की बसचा आस मोडलाय.

"सिन्योराच्या नवऱ्याला टोपी घालू," टिबोर म्हणाला. "ऐकू येत नाही त्याला, काहीही विचारलं तरी मान हलवतो."

"मुला," रब्बी म्हणाला, "देवाला ऐकू येतं."

सगळे हसले. मी हसले नाही. झालमन माझ्याकडे बघत होता. फलाट मला तिथे, त्या अंगणात दिसत होता.

"वाट बघू," रब्बी म्हणाला. "साडेतीनपर्यंत."

साडेतीनला रब्बीनं घड्याळ पाहिलं, सुस्कारा टाकला, आणि सवयीनंच बोट उचललं. पुरुष छताभोवती अर्धगोल उभे होते. ऊन त्यांच्या पाठीवर होतं. रब्बी बोट फिरवत वचन म्हणू लागला, एका माणसाला एक शब्द.

मी त्याच्याबरोबर मनात नावं घेत होते. तो स्वतः. अम्राम. झालमन. टिबोर. फाइव्हल. कोव्नो शहरातले दोघे भाऊ. लाल केसांचा मेंडल. अबोल आशेर.

रब्बीचं बोट अजून फिरत होतं.

ते आशेरच्या पलीकडे थांबलं, विहिरीच्या बाजूला, जिथे ऊन सरळ डोळ्यांत जात होतं. त्यानं शेवटचा शब्द म्हटला.

"आले वाटतं," तो म्हणाला. त्याचा चेहरा उजळला. "चला, चला, वेळ नाही!"

अंगणात आरडाओरडा झाला. सगळ्यांना वाटलं रेडिओवाला आला. प्रत्येकाला वाटलं तो दुसऱ्या कुणाच्या तरी मागे उभा आहे. मोजलं कुणीच नाही. आम्ही मोजणारी माणसंच नव्हतो.

मला ठाऊक होतं. एक शब्द बोलले असते तर लग्न थांबलं असतं.

मी बोलले नाही. आजही मला त्याची लाज वाटत नाही.

झालमननं माझ्या बोटात अंगठी घातली, पितळी, काडतुसाच्या पुंगळीची, त्यानंच घासलेली. मग सात आशीर्वाद. आमच्याकडे ते सात जणांना वाटून देतात. अम्राम पहिला म्हणाला, हुकूम दिल्यासारखा. टिबोरनं दोनदा चुकून तिसरा पुरा केला. मेंडल रडला.

सहावा आशीर्वाद विहिरीकडून आला.

खोल, जरा घोगरा आवाज. भलत्याच ठिकाणी थांबत होता, खूप दिवसांनी बोलणारा माणूस थांबतो तसा. नवरानवरी दोघांनी एकमेकांत सुखी राहावं, असा तो आशीर्वाद आहे. इतक्या मायेनं म्हटलेला मी नंतर कधी ऐकला नाही.

माल्का माझ्या कानात म्हणाली, "काय गोड गातो गं हा! कोण आहे?"

"रेडिओवाला," मी म्हटलं.

झालमननं रिवाजाप्रमाणे टाचेखाली काच फोडली, म्हणजे मुरंब्याची रिकामी बरणी, आणि सगळे एकदम ओरडले. कुणीतरी अॅकॉर्डियन काढलं. मुरगळलेल्या पायानं मी नाचले. सिन्योरा नाचली, तिचा बहिरा नवरा वेगळ्याच तालात नाचला, फौजदार सायकल टेकवून आत आला आणि बटाट्यांचं नावही न काढता दोन पेले प्यायला. मी इतकी सुखात होते की मला विहिरीकडे बघायचं आठवलंच नाही. आठवलं तेव्हा तिथे ओला दगड होता, दुसरं काही नव्हतं.

रब्बी माणूस पक्का. बंदरावर शंका नको म्हणून विवाहपत्राखाली दहाही पुरुषांच्या सह्या हव्यात, असं तो म्हणाला होता. नाच चालू असताना कागद हातोहात फिरला. रब्बीनं तो घडी करून माझ्याकडे दिला, आणि चारला पाच मिनिटं असताना धूळ उडवत निघून गेला.

कागद मी रविवारी ट्रकमध्ये उघडला. रब्बीच्या दौतीतली शाई काळी होती. नऊ सह्या काळ्या. दहावी निळी, सावकाश काढलेली: मेनाशे, लाइबचा मुलगा. आम्ही सगळ्यांना विचारलं. रेडिओवाला त्या दिवशी आलाच नव्हता, आणि त्याचं नाव श्मुएल होतं.

बंदरावर चिडक्या तोंडाचा एक माणूस टॉर्च लावून कागद बघत होता. त्याचा अंगठा सह्यांवरून खाली खाली सरकला आणि शेवटच्या सहीवर थांबला. त्यानं अंगठा उचलून बघितला, विजारीला पुसला.

"दोघं," तो म्हणाला. "एकाच बोटीत. जा."

झालमन आणि मी वेगळे झालो नाही. हैफात चाळीस वर्षं झाली, तीन मुलं झाली, आणि स्वयंपाकघरातल्या प्रत्येक यंत्राची एक स्प्रिंग झालमनजवळ आजही उरते. बेपत्ता माणसं शोधणाऱ्या कचेऱ्यांना मी मेनाशेबद्दल अकरा पत्रं लिहिली. त्या नावाची माणसं पुष्कळ सापडली. सत्तेचाळीस साली जिवंत असलेला एकही नाही.

काल नातीच्या लग्नासाठी कपाट आवरताना कागद हाती आला. नात म्हणाली, "आजी, बघू दे ना!" तिनं तो खिडकीशी उजेडात धरला. काळ्या सह्या तपकिरी होऊन विटल्या आहेत, टिबोरची तर वाचताही येत नाही. नातीनं लहानपणीसारखं एकेक नाव बोट ठेवून वाचलं, शेवटपर्यंत.

मग ती हात धुवायला गेली. बोटाला निळी शाई लागली होती.