परवानगी नसलेलं उपकरण

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी दुरुस्तीवाला सहसा हातात स्क्रू-ड्रायव्हर धरत नसे. पण त्या दिवशी जेवणं झाल्यावर बायको डिस्कचं निळं प्लास्टिकचं पाकीट घेऊन समोर उभी राहिली आणि म्हणाली, "एवढं चालू करून द्याल का?"

लग्नाला तीन वर्षं झाली होती. तीन वर्षांत तिने मागितलेली ही पहिली गोष्ट. तो नाही कसा म्हणणार?

डिस्कवर काय आहे ते त्याला ठाऊक होतं. तिचा पहिला नवरा कॅमेरामन होता. आयुष्यात त्याने एकच मोठा सिनेमा टिपला, तोही या ब्लू-रे डिस्कवर निघाला, आणि मग तो आजारी पडून गेला. ती त्याच्याच कॉम्प्युटरवर सिनेमा बघायची. मागच्या महिन्यात तो कॉम्प्युटर जळाला, त्याच्या स्क्रीनचा दिवाही गेला.

बाईला सवत असते. पुरुषाला असली तर त्याला काय म्हणायचं, हे ठरवायला भाषेला सवड मिळालेली दिसत नाही. जिवंत माणसाशी भांडता येतं, त्याच्या खोड्या काढता येतात. मेलेला माणूस फोटोत हसत राहतो आणि दर वर्षी आणखी चांगला होत जातो. दुरुस्तीवाला हे कुणाला बोलला नव्हता. पण आत निखारा होता.

त्याने घरच्या नव्या कॉम्प्युटरला डिस्कचा ड्राइव्ह बसवला. सिनेमा लागला नाही. काळ्या पडद्यावर एक ओळ आली: या साखळीत परवानगी नसलेलं उपकरण आहे.

"म्हणजे काय हो?" बायकोने विचारलं.

"या डिस्क फार संशयी असतात," तो म्हणाला. "चोरून नक्कल होऊ नये म्हणून. ड्राइव्ह चित्राच्या कार्डाला विचारतो, कार्ड केबलमधून स्क्रीनला विचारतं, तू ओळखीतली का? एक जरी अनोळखी निघाला तरी चित्र बंद."

"मग अनोळखी कोण आहे?"

"तेच शोधायचंय."

त्याचा एक नियम होता. एका वेळी एकच भाग बदलायचा, म्हणजे चोर सापडतो. त्याने कार्ड बदललं. ओळ तशीच. ड्राइव्ह बदलला, ओळ तशीच. तेव्हा तो दुकानातून नवी केबल आणायला गेला. अर्ध्या तासाने जिना चढताना त्याला वरून आवाज आला. पाण्याचा, वल्ह्याचा, आणि एक बाई हळू आवाजात काही सांगत होती. सिनेमा चालू होता.

त्याने दार ढकललं. आवाज तुटला. पडद्यावर तीच ओळ.

"आत्ता छान चालला होता," बायको म्हणाली. तिचा चेहरा नुकत्याच उठलेल्या माणसासारखा मऊ दिसत होता. असा चेहरा त्याने आधी पाहिला नव्हता. "आपोआप लागला. अर्धा तास बघतेय."

त्याने केबल बदलली. काही नाही. तो गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढायला गेला आणि मागे वल्ह्याचा आवाज सुरू झाला. आत पाऊल टाकलं, बंद.

तिसऱ्या वेळी बायकोची धाकटी बहीण आली होती. ती आली, पर्स फेकली, पडद्यासमोरून दोनदा गेली, सिनेमाला काही झालं नाही. दुरुस्तीवाला स्वयंपाकघरातून डोकावला मात्र, आणि पडदा काळा.

"अगं बाई!" मेव्हणी खो खो हसली. "भावोजी, मागे जा बघू."

तो मागे गेला. सिनेमा लागला.

"आता पुढे या."

पडदा काळा.

तेवढ्यात शेजाऱ्यांचं मांजर खिडकीतून आलं, कॉम्प्युटरच्या डब्यावर चढलं, अंग घासून उतरलं. सिनेमा चालूच.

"मांजराला परवानगी आहे!" मेव्हणी डोळे पुसत म्हणाली. "तुम्हालाच नाही! जगाचे कॉम्प्युटर बरे करता, आणि घरचा तुम्हाला उभं करत नाही."

तोही हसला. हसणं भाग होतं. बायको मात्र हसली नाही. ती पडदा पुन्हा उजळायची वाट बघत होती. "जरा बाहेर थांबता का?" ती म्हणाली. रागाने नाही, अगदी आर्जवाने. "शेवट तरी बघू दे."

तो बाहेर थांबला. स्वतःच्या घरात, दाराच्या फटीला डोळा लावून. पडद्यावर नदी होती, नदीवर नाव होती. ते सगळं ज्याच्या डोळ्यांनी टिपलं होतं तो माणूस चित्रात कुठेच नव्हता, आणि तरी खोलीभर होता. बायको जरा पुढे झुकून बसली होती. सोफ्यावर तिच्या शेजारची जागा रिकामी होती. एका माणसाला पुरेल एवढीच, आणि तिने त्या जागेवर उशी ठेवली नव्हती.

पुढच्या सुट्टीला मेव्हणी आली नव्हती. जेवणं झाल्यावर बायको सिनेमा लावून बसली तसा दुरुस्तीवाला माळ्यावर चढला. पहिल्या नवऱ्याची जुनी स्क्रीन खाली उतरवली. दिवा गेला होता, पण मागची चिप शाबूत होती. ती चिपच स्क्रीनची ओळख सांगते. दुकानातून त्याने काडेपेटीएवढी एक डबी आदल्या दिवशीच घरी आणून ठेवली होती. ती कुठल्याही स्क्रीनला जोडून बटण दाबलं की तिची ओळख शिकून घ्यायची आणि पुढे ती स्क्रीन आपणच असल्याचं कॉम्प्युटरला सांगायची. सोंग घेणारी डबी, दुसरं काय. असलं काम तो गिऱ्हाइकाला कधी करून देत नसे. आज त्याने ती जुन्या स्क्रीनला जोडली आणि बटण दाबलं. हिरवा दिवा लुकलुकला आणि विझला. शिकून झालं होतं.

डबी घेऊन तो खोलीत आला. पडदा काळा झाला.

"आता काय?" बायको थकून म्हणाली.

"दोन मिनिटं." त्याने डबी कॉम्प्युटर आणि स्क्रीनच्या मध्ये जोडली. तीच ओळ. उलटी जोडून बघितली. तीच ओळ. कान तापले होते. डबी उपसून त्याने शर्टाच्या खिशात टाकली, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि पाणी प्यायला आत गेला. मागे सिनेमा सुरू झाला. व्हायचाच.

पाणी पिऊन तो परत आला.

सिनेमा थांबला नाही.

तो उंबऱ्यात उभा राहिला. एक पाऊल टाकलं. नाव चालत राहिली. आणखी एक. खिशातल्या डबीला ना वायर होती ना वीज. अशी डबी काहीही करू शकत नाही, हे त्याला तीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं. त्याने ती काढून टेबलावर ठेवली. पडदा काळा. खिशात टाकली. नदी वाहू लागली.

बायकोने मान वळवली नव्हती.

तो जाऊन तिच्या शेजारी बसला. जागा बरोबर मापाची होती.

किती वेळ गेला कोण जाणे. पडद्यावर ऊन कललं. तिने न बघताच हात पुढे केला आणि त्याच्या हातात दिला. बोटं बोटांत अडकवून, जुन्या सवयीने. तीन वर्षांत असा हात तिने दिला नव्हता.

"आलास?" ती म्हणाली.

तीन वर्षांत तिने त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

त्याच्या घशात उत्तर आलं. अगं, मी. मीच आहे. एवढं बोललं की पुरे होतं. पण मग पडदा काळा होईल, ती हात काढून घेईल, आणि अगदी आर्जवाने म्हणेल, जरा बाहेर थांबता का?

"आलो," तो म्हणाला.

"दुरुस्तीवाला गेला?"

नाव किनाऱ्याला लागत होती. तिचा अंगठा त्याच्या हातावरून सावकाश फिरत होता.

"गेला."

"बरं झालं," ती म्हणाली आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं. "माणूस चांगला होता रे. पण सारखा दारात उभा राहायचा."

खरं सांगायचं तर त्यालाही जरा मोकळं वाटलं. कुणी सारखं दारातून बघत असलं की घर आपलं वाटत नाही.

पडद्यावर चित्र फार स्वच्छ दिसत होतं, पाण्यावरची रेघ न् रेघ. टेबलावर कुणाचा तरी चष्मा उघडाच पडला होता. त्याच माणसाचा असणार. उद्या दुकानावर नेऊन द्यायला हवा, त्याच्या मनात आलं. पण दुकान कुठल्या रस्त्यावर होतं, ते काही त्याला आठवेना.