भिंगरीची चाल

सकाळी साडेआठला भूपाल मगदूम चहाचा कप घेऊन टेबलापाशी बसले, तेव्हा सुवर्णाची चाल होऊन गेली होती. सुवर्णाला जाऊन अकरा महिने झाले होते.

टॅबलेटवर चौकटी-चौकटींचं मैदान होतं. वरच्या बाजूला गडाचा दरवाजा आणि दरवाजात सात वेताळ. खालच्या बाजूला तिघं जण. ढाल घेतलेला जॉबर, हा भूपाल यांचा. बुरुजावर तिरंदाज मैना, ही रझिया मुल्ला यांची. आणि हातात दांडपट्टा असलेली भिंगरी, ही सुवर्णाची. भिंगरी जॉबरच्या मागच्या चौकटीत येऊन उभी होती आणि तिनं आपली पाळी राखून ठेवली होती. आधी तुम्ही खेळा, मग मी, असा त्याचा अर्थ.

भूपालना बरं वाटलं. रोज सकाळी एवढ्यासाठीच ते हा खेळ उघडत.

खेळाचं नाव काळघाट. यात घाई नसते. एकेकाची पाळी येते, आणि ज्याची पाळी असेल तो खेळेपर्यंत बाकीचं सगळं थांबून राहतं. तास जावो नाहीतर महिना, वेताळसुद्धा हात वर करून तसाच उभा. एका पाळीत दोन गोष्टी करायच्या. काही चौकटी चालायचं, आणि एक काम करायचं. वार करा, ढाल धरा, जखम बांधा, नाहीतर पाळी राखून ठेवा.

सुवर्णाच्या जागी जे खेळत होतं त्याला कंपनीनं प्रतिखेळाडू असं नाव दिलं होतं. तुम्ही खेळत असता तेव्हा खेळ तुमची प्रत्येक चाल बघून ठेवतो. जखमी झाल्यावर तुम्ही कुठं पळता, आधी कुणाला वाचवता, कधी धोका पत्करता. पुढे तुम्ही कधी येऊ शकला नाहीत, तर प्रतिखेळाडू तुमच्या जागी तुमच्यासारखा खेळतो. गावाला जाणाऱ्यांसाठी केलेली ही सोय. पण माणूस गेल्यावरही घरच्यांनी लिहून दिलं तर तो खेळत राहतो. भूपालनी लिहून दिलं होतं.

ते त्याला बदली म्हणायचे. इचलकरंजीत चाळीस वर्षं ते जॉबर होते. मागाच्या शेडमध्ये फिरून बिघडलेले माग जोडून द्यायचं काम. विणकर आला नाही की त्याच्या मागावर बदली कामगार यायचा. आता मागच आपली दुरुस्ती आपण करतात आणि शेडमध्ये माणूस दिसत नाही, पण शब्द डोक्यात राहिला होता.

सुवर्णा सहा वर्षं हा खेळ खेळली. शेवटच्या तीन वर्षांत तिनं गटात आणखी एक मोहरा करून ठेवला होता, ढालवाला. त्याचं नाव तिनंच जॉबर ठेवलं. "अहो, तुमच्यासाठी जागा ठेवलीया. बसा की एक दिवस," असं ती म्हणायची. "ह्या वयात पोरखेळ कसले," असं म्हणून ते बातम्या लावायचे.

ती गेल्यावर पंधराव्या दिवशी रझियाबाईंचा फोन आला. त्या फलटणला राहायच्या, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. दोघींची ओळख खेळातलीच. "सुवर्णाची पाळी अडून राहिली आहे," त्या म्हणाल्या होत्या. तेव्हापासून भूपाल जॉबर झाले.

अकरा वाजता आज पुन्हा त्यांचा फोन आला.

"भूपालभाऊ, या दरवाजात आपण चार वेळा मार खाऊन मागे आलो. आता पाचवी वेळ."

"माझंच चुकत असंल टीचर. मी नवीन माणूस."

"तुमचं ठीक आहे. दगडासारखे उभे राहता, ढालवाल्यानं तेच करायचं असतं. मला सुवर्णाचं कळत नाही. ती अशी मागे का उभी राहते?"

"तिचा स्वभावच तसा हो. घरात बी तसंच. आधी माझं ताट, मग तिचं."

वर्गात विचारावं तसं रझियाबाईंनी विचारलं, "तुम्ही तिची चाल परत घेता का?"

प्रतिखेळाडू चुकू शकतो, म्हणून सोबत्यांना एक सोय असते. त्याची चाल झाली की कोपऱ्यात 'परत' असं बटण उजळतं. ते दाबलं की चाल मागे जाते आणि तो दुसरी शोधतो.

"घेतो की," भूपाल म्हणाले. "म्हणजे घ्यायचो. आता लागत नाही."

"किती वेळा घेतली?"

"पहिल्याच आठवड्यात पाच वेताळांच्या मधोमध जाऊन उभी राहिली. एकटी. मी काय बघत बसू? दाबलं बटण. दुसऱ्या दिवशी परत तेच. मरायलाच निघाल्यासारखी. मग मी रोज दाबत गेलो. दोन-तीन महिन्यांत शहाणी झाली."

रझियाबाई हसल्या, पण ते हसणं अर्ध्यावर थांबलं.

"भाऊ, पट्टा कसा चालतो ते तुम्हाला कुणी सांगितलं का?"

"तलवारीसारखाच की."

"नाही. पट्टा गोल फिरतो. आजूबाजूच्या आठही चौकटींत एकदम वार होतो. समोर एकच शत्रू असेल तर पट्टेवाली काहीच कामाची नाही. तिला घेरलं गेलंच पाहिजे. म्हणून ती मध्ये जायची. गेली की सगळे तिच्यावर तुटून पडायचे. त्यातून वाचली, की पुढच्या पाळीला सगळे एका फेऱ्यात खलास."

"आणि नाही वाचली तर?"

"दहातून सहा वेळा वाचायची, चार वेळा पडायची. तिला तो हिशोब माझ्याहून चांगला माहीत होता. थांबा, मी तुम्हाला एक जुनी लढाई पाठवते. आवाजासकट आहे. आम्ही बोलत बोलत खेळायचो."

भूपालनी ती लढाई लावली. पडद्यावर जुनं मैदान आलं, आणि टॅबलेटमधून सुवर्णा बोलली.

"या रं, या! एकेक नको, सगळे या एकदम!"

भूपालनी टॅबलेट टेबलावर ठेवून दिला. सदतीस वर्षांच्या संसारात त्यांनी हा आवाज ऐकला नव्हता. शेजारच्यांना ऐकू जाईल असा मोठा, आणि मजेचा.

"सुवर्णा, घेरतील तुला," रझियाबाईंचा आवाज.

"घेरू देत की. त्याशिवाय पट्टा फिरतोय कुठं? तुम्ही टीचर नुसत्या बेरजा करत बसा बुरुजावर."

भिंगरी सहा वेताळांच्या मधोमध जाऊन उभी राहिली. वेताळांचे वार झाले. ती वाचली, थोडक्यात वाचली. आता तिची पाळी होती. तेवढ्यात मागे बाहेरचं दार वाजलं, कुणीतरी घरात आलं, आणि लांबून एक आवाज आला.

"अगं, चहाचं काय झालं?"

तो भूपाल यांचाच आवाज होता.

"आलो, आलो!" सुवर्णानं ओरडून सांगितलं. मग हळू आवाजात, "टीचर, थांबा. ह्यांचा चहा ठेवून येतो. बरं हाय बाई, हा खेळ थांबतोय."

त्यानंतर नऊ मिनिटं पडद्यावर काहीच हललं नाही. वेताळ मध्येच आखडलेले, भिंगरीचा पट्टा वर उचललेला. भूपालनी ती नऊ मिनिटं पुढे ढकलली नाहीत. आतून भांड्यांचे आवाज येत होते. एकदा कपबशी वाजली. त्यांचा स्वतःचा आवाज आला, साखर कमी आहे म्हणून. मग ती परत आली, खुर्ची ओढली, आणि पट्टा फिरला. सहाच्या सहा वेताळ पडले. या वेळी ती ओरडली नाही. आता ते घरात होते ना.

त्यांना गेल्या वर्षीचा मार्च महिना आठवला. पुण्यात काळघाटची स्पर्धा होती, दोन दिवसांची. ती दोन दिवस त्यांच्या मागंपुढं फिरत राहिली आणि शेवटी विचारलं, "जाऊन येऊ काय? टीचर बी हाईत सोबत." ते म्हणाले, "तुझी तब्येत बघ आधी. दगदग होती तुला." तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. रझियाबाई कुणी दुसरी सोबतीण घेऊन गेल्या आणि चौथ्या फेरीत हरल्या. जूनमध्ये सुवर्णा मेंदूतल्या रक्तस्रावानं गेली. स्वयंपाकघरात, ओट्यापाशी. दगदग काही झाली नव्हती.

त्यांनी खेळातलं प्रतिखेळाडूचं पान उघडलं. तिथं लिहिलं होतं: परत घेतलेल्या चाली, त्रेसष्ट. मान्य केलेल्या चाली, दोनशे अठ्ठेचाळीस. प्रत्येक 'परत' म्हणजे एक धडा. शेडमध्ये बदली कामगार माग बघत नसे, जॉबरचं तोंड बघत असे. जॉबर कशावर खेकसतो ते दोन दिवसांत शिकायचा आणि तसंच वागायचा. हे भूपालना इतर कुणाहूनही चांगलं माहीत होतं. आणि ते अकरा महिने समजत होते, की रोज सकाळी मागे उभी राहते ती सुवर्णा.

त्यांनी फोन लावला.

"टीचर, मी तिला मारून टाकलं."

"असं बोलू नका."

"घरात सदतीस वर्षं मागं उभी केली. एक जागा होती जिथं ती पुढं जायची, तिथं बी जाऊन मागं उभी केली. आणि वर म्हणतोय, स्वभावच तसा."

रझियाबाईंनी त्यांना बोलू दिलं. मग म्हणाल्या, "एक उपाय आहे. शेवटचं ती स्वतः खेळली त्या दिवसाची मूळ नोंद कंपनी ठेवते. एक वर्षापर्यंत. तुमच्याकडे बारा दिवस उरलेत. ती नोंद परत लावता येते. पण मग हे अकरा महिने पुसले जातील. तुमच्याबरोबर खेळलेलं काही तिला माहीत नसेल."

"म्हणजे जॉबर कोण, ते?"

"रिकामी जागा. ती गेली तेव्हा जॉबर कुणी चालवतच नव्हतं ना."

"आणि इथं पडली तर?"

हा शेवटचा गड होता. काळघाटात बाकी कुठंही पडलेला माणूस पुढच्या लढाईला उठतो, शेवटच्या गडावर पडलेला उठत नाही. आणि मोहरा गेला की त्याचा प्रतिखेळाडूही बंद होतो.

"पडली तर पडली," रझियाबाई म्हणाल्या. "मलाही नको आहे ते, भाऊ. माझी मैत्रीण होती. पण माझी मैत्रीण ही नाही, जी तुमच्या पाठीमागे उभी आहे."

भूपालनी दोन दिवस खेळ उघडला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, चहा स्वतः करून, साखर न घालता पिऊन, ते टेबलापाशी बसले. पडद्यावर ती तशीच मागे उभी होती, पाळी राखून. दोन दिवस थांबली होती, आणखी दोन वर्षंही थांबली असती. त्यांनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं. मग 'मूळ नोंद लावा' वर बोट ठेवलं. खेळानं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ते हो म्हणाले.

रझियाबाई फोनवर होत्याच. "आली का?"

"आली."

भिंगरीची चाल नव्यानं सुरू झाली. या वेळी तिनं पाळी राखून ठेवली नाही. ती जॉबरच्या मागून निघाली, त्याच्या शेजारून गेली, आणि सरळ दरवाजात, सात वेताळांच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

कोपऱ्यात 'परत' उजळलं.

"भूपालभाऊ," रझियाबाई म्हणाल्या, "तिच्या मागे धावू नका. तुम्ही दरवाजाची पायरी धरा, म्हणजे वेताळ बाहेर निसटणार नाहीत. तिला तिचं काम करू द्या. घाई नाही. तुमची पाळी आहे."

घाई कधीच नव्हती, हीच तर अडचण होती. त्यांनी कुठलंच बटण दाबलं नाही, तर 'परत' असंच उजळत राहणार होतं आणि ती अशीच उभी राहणार होती, पट्टा वर उचलून, न पडता. भूपालना वाटलं, ठेवावं असंच. मग त्यांना ती नऊ मिनिटं आठवली.

त्यांनी जॉबरला दोन चौकटी पुढे नेऊन पायरीवर उभं केलं. ढाल धरली. आणि 'पाळी संपली' दाबलं. 'परत' विझलं.

वेताळ एकेक करून तिच्याकडे वळू लागले. पहिल्याचा वार तिनं चुकवला. दुसऱ्याचा लागला.

"टीचर," भूपालनी विचारलं. त्यांची नजर पडद्यावरच होती. "ह्यातून वाचली, तर एकदा तरी मागं वळून बघंल काय, ढाल घेऊन कोण उभा हाय ते?"

तिसरा वेताळ पुढे सरकला.

"तिनं बघायलाच हवं का, भूपालभाऊ?"