मागून चालायचा नियम

सोबत काम करणारा अनुपम महिनाभर सुट्टीवर गेला नसता, तर धनेशची फाइल प्रणोतीच्या टेबलावर आलीच नसती. सिविल लाइन्समधल्या त्या फिजिओथेरपी सेंटरात ती सात वर्षं लोकांच्या चाली पाहत होती. माणसाचं नाव ती विसरायची, चाल कधी नाही.

धनेश डिफेन्स फॅक्टरीत तपासनीस. जुन्या अपघातात त्याचा घोटा निकामी झाला होता आणि आठ महिन्यांपूर्वी तिथं नवा सांधा बसवला होता. दुखणं गेलं, पण फॅक्टरीच्या डॉक्टरांची अट होती... सहा मिनिटांत साडेचारशे मीटर. नाहीतर शेडमधलं फिरतीचं काम सुटणार आणि रेकॉर्ड रूमची खुर्ची नशिबी येणार.

"खुर्चीवर बसून राहिलो ना, तर जाडा होईन मी," तो पहिल्याच दिवशी म्हणाला.

"आत्ता तरी कुठं बारीक आहात?"

तो हसला. पेशंटशी असं बोलायची तिची रीत नव्हती.

मग दर मंगळवारी कॉरिडॉरमध्ये फेऱ्या सुरू झाल्या. सिहोऱ्याला राहणाऱ्या आईच्या हातच्या पातोडीच्या झणझणीत रश्शाचं तो इतकं रसभरीत वर्णन करायचा, की प्रणोतीला भर सकाळी भूक लागायची. टाच नीट टेकत होती, दोन्ही पावलं सारखी पडत होती. आकडा मात्र तीनशे ऐंशीच्या पुढं हलेना. घोडं कुठं पेंड खातंय, तिला कळेना.

सुट्टीवरून परतलेल्या अनुपमनं त्या फेऱ्यांचा व्हिडिओ पाहिला आणि तो हसायलाच लागला. "दीदी, पेशंट के बगल में कौन चलता है?"

टेस्ट घेणाऱ्यानं मागून चालायचं, बाजूनं चाललं की पेशंट सोबतच्याचा वेग धरतो... हे ती स्वतः नव्या मुलींना पहिल्या दिवशी शिकवायची. पडद्यावर धनेशचं पाऊल तिच्या पावलाबरोबर पडत होतं. तिला लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर, आनंदही झाला.

गप्प बसली असती, तर आणखी काही मंगळवार मिळाले असते. पण त्याची शेड गेली असती.

"चूक माझी आहे," तिनं त्याला सांगितलं. "मी मागं राहायला हवं होतं. बाजूनं चालून राहिले होते."

"काहून?"

"तुमचं बोलणं... नीट ऐकू यावं म्हणून."

धनेश बुटांकडं बघत राहिला. "मला जोरात चालता येत होतं, प्रणोतीजी. पण मग तुम्ही मागं पडल्या असत्या."

"आज पडू द्या. आणि वळून पाहायचं नाही."

तो निघाला. प्रणोती घड्याळ धरून मागं राहिली. महिन्याभरात तिनं त्याची पाठ पहिल्यांदाच पाहिली. तो एकदाही वळला नाही. चारशे ब्याण्णव मीटर.

टेबलाशी ती प्रमाणपत्र भरू लागली. तो समोर उभाच होता.

"एक विचारायचं होतं..."

"थांबा," ती मान वर न करता म्हणाली. "तुम्ही अजून माझे पेशंट आहात."

तिनं आकडा लिहिला, तारीख टाकली, सही केली. शिक्का वाकडा उमटला. कागद त्याच्या हातात देऊन तिनं फाइल बंद केली.

"हं. आता विचारा."