जागा भरली आहे

“उघड ना गं बाई एकदाची!” दाराशी झटापट करत ती पुटपुटली.

“ओढू नका… ढकला,” मागून कुणीतरी म्हणालं. चक्क मराठीत!

तिनं वळून पाहिलं. हिरवा मफलर, वाऱ्यानं विस्कटलेले केस आणि हसू दाबायचा साफ फसलेला प्रयत्न. परदेशातल्या या विद्यापीठात आल्यापासून आईच्या फोनखेरीज मराठी तिच्या कानावर पडलंच नव्हतं. तिला एकदम भरून आलं.

ग्रंथालयातल्या कामासाठी तिची मुलाखत होती. काम मिळालं नाही, तर शिक्षण अर्धवट टाकून घरी परतायची वेळ होती. तरी बाकावर त्याच्याशी गप्पा अशा रंगल्या, की आतून हाक आली तेव्हा तिला उठावंसंच वाटेना.

आत मात्र सगळा आनंदच! मुलाखत घेणाऱ्या बाईंनी तिचं नाव तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा वेगळंच उच्चारलं. ती जीव तोडून उत्तरं देत होती आणि बाई फोनवर जेवायला कुठे जायचं ते ठरवत होत्या. शेवटी म्हणाल्या, “जागा कालच भरली. पण बोलावलेल्या सगळ्यांना भेटायचं, असा नियम आहे.”

आत्या तिला फटाकडी म्हणायची ते काही उगीच नव्हे. बाहेर येताच ती कडाडली, “आधीच ठरलंय! कुठल्यातरी वशिल्याच्या तट्टूला दिलीय!”

मफलरवाल्याचा चेहरा खर्रकन उतरला.

“ते तट्टू… मीच. काल फोन आला, म्हणून सही करायला आलोय. वशिला नाही हं, देवाशप्पथ!”

“आणि इतका वेळ नुसता गप्पा हाणत बसलास?”

“सांगितलं असतं, तर तुम्ही बोलला असतात माझ्याशी?… सोडतो मी हे काम.”

“खबरदार! तुझी दया नकोय मला.”

“आत्ता… मला ‘तू’ म्हणालात.”

ती गोरीमोरी झाली. राग धरून ठेवायचा म्हटलं, तरी ओठांच्या कोपऱ्यातून हसू सांडलंच.

“पोहता येतं?” त्यानं घाईघाईनं विचारलं. “तलावावर शिकवायला कुणीतरी हवंय. आज शेवटचा दिवस!”

“येतं म्हणजे? मासोळी आहे मी!”

“मग पळ!”

दोघं वाऱ्याला अंगावर घेत मैदान तुडवत धावले. तलावावरच्या दांडग्या प्रशिक्षकानं एवढंच विचारलं, “पाण्याला घाबरून रडणाऱ्या मुलाला काय सांगशील?”

“काहीच नाही. मीही काठावर त्याच्याशेजारी बसेन… पाय पाण्यात सोडून.”

प्रशिक्षक हसला. “उद्यापासून ये.”

ती धावतच बाहेर आली. तो थंडीनं कुडकुडत दारातच उभा होता.

“मिळालं! मिळालं रे!” आणि भान यायच्या आत त्याचे दोन्ही हात तिच्या हातात होते.

तो अडखळत म्हणाला, “मला… तू सकाळपासूनच आवडतेयस. उद्या भेटशील?”

“उद्या कशाला?” हात तसेच घट्ट धरून ती म्हणाली, “आजचा अख्खा दिवस पडलाय की!”