प्लेटवरचं नाव

आमच्या बुरशीच्या लॅबमध्ये पोरांना छळायचं काम पगारावर मीच करतो. मी रणोजीराव, अटेंडर, वय एक्कावन्न. सुईच्या टोकाला बुरशीची काळी पूड लावायची, आगरच्या, म्हणजे बुरशी वाढवायच्या जेलीच्या, प्लेटवर लिहायचं, झाकून इन्क्युबेटरमध्ये ठेवायचं. आज काही दिसत नाही. तिसऱ्या दिवशी अक्षरं उगवतात, काळी, मखमलीसारखी. लॅबप्रमुख गुंडेराव सरांच्या वाढदिवसाला मी असं 'टक्कल' उगवून दिलं होतं. सर म्हणाले, "रणोजी, एक दिवस तुलाच आगरवर पेरतो बघ!"

जयलक्ष्मीपुरमला माझ्या शेजारी कुसुमबाई शिवणकाम करतात. त्यांची मुलगी आमच्याकडं पीएचडीला अर्ज करायची. बुरशीच्या पेशींवर काम, जागा एकच, दोन वर्षांतनं एकदा. मागच्या वेळी हुकली होती. यंदा फेलोशिपची मुदत संपणार. आताही हुकली तर मग मेटगळ्ळीत फॅक्टरीत डबे भरायचे.

"मामा, लिस्टमध्ये मी आहे का, तेवढं बघा की."

"सुम्ने, गप बस गं. मी काय ज्योतिषी?"

बघितलं होतं मी. सरांच्या टेबलावर लिस्ट, पहिलं नाव तिचंच. पण सांगून टाकलं तर मजा काय? शुक्रवारी तिचं नाव प्लेटवर पेरलं. सोमवारी लिस्ट लागली की हातात द्यायचं. घे, बुरशीनंच निवडलं तुला!

सोमवारी प्लेट काढली. एवढं ठसठशीत कधीच उगवलं नव्हतं. वास मात्र कोऱ्या कापडाचा येत होता.

ती बोर्डापुढं उभी होती. लिस्टवर एकचा आकडा, पुढं काही नाही. दोनवर दुसरा उमेदवार, वादिराज.

"सर, एक नंबर कोण?" मी विचारलं.

"कोणी नाही रे. टायपिंगची चूक. वादिराजला घेतलंय." मग सरांनी तिच्याकडं बघितलं. "काय पाहिजे अम्मा?"

तिनं फाईल उघडली. मार्क होते. फोटो होता. नावाची जागा कोरी.

मी कुसुमबाईंकडं पळालो. त्या बटणं लावत होत्या.

"मुलगी? मला कुठली मुलगी? अय्यो रणोजीराव, ही नवी चेष्टा काय?"

शपथा घेतल्या. गल्ली हसली. माझं खरं कोण मानणार?

प्लेट जाळायला घेतली होती. हात धजला नाही. नाव आता तेवढ्यावरच होतं.

पंधरा दिवसांत आगर सुकतं, बुरशी मरते. म्हणून नव्या प्लेटवर तेच नाव उतरवतो. चार वर्षं झाली. दर खेपेला अक्षरं थोडी पसरतात. आधी तोंडपाठ होतं. आता समोर ठेवून गिरवावं लागतं.

ती रोज दहाला येते. तोच ड्रेस, तीच फाईल.

"मामा, लिस्ट लागली?"

"बघतो की. नाव काय तुझं?"

ती इन्क्युबेटरकडं बोट करते.

काल नवी प्लेट उघडली. नुसता काळा गोल उगवलाय.

तिला अजून सांगितलं नाही.