आबांचं चाक

"पहिली उडी माझी!"

बस थांबते न थांबते तोच भोवरा टॉवेल गळ्यात टाकून तळ्याकडे पळाला. त्याचं खरं नाव शाळेच्या हजेरीत आहे. पण हा मुलगा जेवतानासुद्धा एका जागी टिकत नाही, म्हणून घरात तो भोवरा. मागून चपला सावरत त्याची ताई आली, तिच्यामागे पिशव्या घेऊन आई. तळ्याकाठी तिघंही थबकली.

उडीचा दगड जागेवर होता. त्याच्या गोष्टी ऐकतच ही भावंडं मोठी झाली होती. आईचे वडील, म्हणजे आबा, या तळ्याचं पाणी सोडणाऱ्या-अडवणाऱ्या झडपेचे राखणदार होते. पाण्यात उभं राहून ते म्हणायचे, "टाक उडी, मी आहे," आणि घरातलं एकेक लेकरू या दगडावरून पोहायला शिकायचं. या सुट्टीत आई दोघांना शिकवणार होती. पण पाणी पार खाली गेलं होतं. दगडाखाली नुसता चिखल होता.

"एवढं उतरलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं," आई दगडावर हात ठेवत म्हणाली आणि पिशव्या उचलून भराभरा चालू लागली. रडू आवरायचं असलं की आई अशीच चालते, हे ताईला ठाऊक होतं.

मावशीकडेही कुणाला चैन नव्हती. आबांच्या घरात आता मावशी, काका आणि त्यांची मुलगी टाचणी राहत. टाचणी अंगाने बारीक आणि बोलायला टोकदार. काका लग्नानंतर परगावाहून इथे आले आणि तळ्यात मासे वाढवू लागले. तळं आटलं की त्यांचा धंदा बसणार, हे उघड होतं. ते दारापासून स्वयंपाकघरापर्यंत नुसत्या येरझारा घालत होते.

"घराला गिऱ्हाईक आलंय," ते चालता चालता म्हणाले. "उद्या त्याचा फोन येईल. विकून टाकू आणि शहरात काम बघू. दुसरा इलाज दिसत नाही."

मावशीने हातातलं पातेलं जरा जोरातच ठेवलं. म्हणजे या घरातली ही शेवटची सुट्टी! आई खिडकीच्या चौकटीवरून हात फिरवत राहिली.

भोवऱ्याला तिथे बसवेना. तो उठून मागचं दार ढकलू लागला. दार काही हलेना. ते आत ओढायचं होतं.

"आबांचं चाक!" आई आणि मावशी एकदमच म्हणाल्या, आणि दोघींना हसू आलं. उलटं काम करणाऱ्याला या घरात हेच म्हणत. का म्हणत, ते मुलांनी कधी विचारलं नव्हतं.

तिघं मुलं तळ्यावर गेली. चिखलात एक काठी उभी होती.

"उन्हाने पाणी आटतंय म्हणे," टाचणीने नाक उडवलं. "ही काठी मी काल पाण्याच्या अगदी कडेला रोवली. आज पाणी कुठे आहे बघा. ऊन काय बादल्या घेऊन येतं?"

"वर जात नसेल तर खाली जात असेल," ताई म्हणाली. "बांधाच्या मागे काय आहे?"

"ओढा. पण उन्हाळ्यात कोरडा असतो. शिवाय काटे आहेत, त्यामुळे तिकडे कुणी फिरकत नाही."

कुणी फिरकत नाही म्हटल्यावर भोवरा केव्हाच तिकडे निघाला होता. झुडपांतून हात ओरबाडून घेत तिघं खाली उतरली, आणि टाचणीने आ वासला. एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्याच्या काठी हिरवंगार गवत माजलं होतं. झुडपांखालच्या एका जुन्या लोखंडी नळातून पाणी भदाभदा पडत होतं, आणि डबक्यात बोटाएवढे मासे चमकत होते.

"ही बाबांची पिल्लं आहेत," टाचणी हळूच म्हणाली. तिचा आवाज एवढा मऊ कधी नसायचा.

मुलं धापा टाकत बांधावरच्या खोलीत गेली. तिथे नवा राखणदार चकाकणाऱ्या लोखंडी चाकाजवळ खुर्ची टाकून बसला होता. खोलीही नुकतीच पांढरीशुभ्र रंगवलेली होती.

"मामा, तळाची झडप उघडी आहे!"

"उघडी?" राखणदाराने तळहातावरचे घट्टे दाखवले. "हे बघा. मी आल्या दिवसापासून चाक आवळतोय. पाणी उतरतंय तसं रोज थोडं जास्तच. उजवीकडे फिरवलं की बंद, जगातली कुठलीही झडप घ्या!"

"मग खाली नळाशी येऊन तरी बघा."

"त्या काट्यांत? झिरपत असेल थोडंफार. पाटबंधारे कचेरीतल्या साहेबांनी फोनवरून पाहणी केलीय, सगळं ठीक आहे. पळा आता."

साहेबांना फोनमधून काय काय दिसतं, हा प्रश्न भोवऱ्याच्या जिभेवर होता. ताईने त्याला बाहेर ओढलं. वाटेत ती मधेच थांबली.

"ऐका. तो जितकं आवळतो, तितकं पाणी जास्त उतरतं. म्हणजे चाक उलटं..." तिने पुढचं बोलायच्या आत तिघंही घराकडे पळत सुटली.

"आई, आबांचं चाक खरंच उलटं होतं का गं?"

आईच्या हातातली कपड्याची घडी तशीच राहिली. "होतं की! पुरात झडपेचं दात्यांचं चाक मोडलं. नवं येईना, तेव्हा आबांनी एका बंद गिरणीची चाकं आणून बसवली. मधे एक जास्तीचं घालावं लागलं, त्यामुळे सगळं उलट झालं. डावीकडे बंद, उजवीकडे उघडी. कुणी चुकू नये म्हणून माझ्याकडून भिंतीवर लाल बाण काढून घेतला होता. तू तर पाळण्यात होतीस," ती मावशीला म्हणाली. "आबांच्या मागे कुणी त्या झडपेला हातच लावला नसेल."

"नव्या राखणदाराने लावला," टाचणी म्हणाली. "आणि भिंत पांढरी केलीय."

काकांनी लगेच कचेरीत फोन लावला. साहेब म्हणाले, फाइल बघून परवा येतो, तोवर कुणी चाकाला हात लावायचा नाही. काका पुन्हा येरझारा घालू लागले. मुलं मात्र केव्हाच सटकली होती.

टाचणी टॉवेल घेऊन नळापाशी उतरली; पाणी पडतंय तोवर तो हलवत राहायचा, असं ठरलं होतं. ताई खोलीच्या मागच्या खिडकीशी उभी राहिली. भोवरा चाकाभोवती घोटाळू लागला.

"मामा, उजवीकडे कुणीही फिरवेल. डावीकडे ते तुमच्याने हलायचं नाही. आमचे आबा एका हाताने फिरवायचे."

"एका हाताने?" राखणदाराने बाह्या सरसावल्या. माणूस कामाला वाघ होता. फक्त आधी बघायचं आणि मग करायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याने चाकाला दोन्ही हात घातले. चाक कुरकुरत फिरू लागलं.

"टॉवेल हलतोय," ताई खिडकीतून म्हणाली. "अजून हलतोय."

"कसला टॉवेल?" राखणदाराला घाम फुटला होता.

"फिरवा हो मामा, आबा इथे थांबत नसत!"

चाक शेवटी घट्ट बसलं. खालून येणारा पाण्याचा आवाज बंद पडला.

"थांबला!" ताई ओरडली. "टॉवेल थांबला!"

राखणदार खिडकीशी धावला. खाली टाचणी कोरड्या पडलेल्या नळावर टॉवेल वाळत घालत होती. इकडे भोवऱ्याने खिशातल्या शिंपल्याने भिंत खरवडायला घेतली. पांढऱ्या रंगाखालून लाल रेघ निघाली, आणि मग बाणाचं वाकडं टोक. डावीकडे वळलेलं.

मुलांना शोधत आई आणि काका दारात येऊन पोचले होते. आई पुढे झाली आणि तिने त्या टोकावर बोट ठेवलं. "आबांनी मला उचलून धरलं होतं. गुदगुल्या व्हायच्या, म्हणून हात हलला." एवढं बोलून ती रडली. या वेळी ती भराभरा कुठे चालत गेली नाही.

राखणदार मटकन खाली बसला. "म्हणजे मीच राबून राबून तळं ओतून टाकलं?"

"आळशी असतास तर तळं तुडुंब राहिलं असतं बाबा," काका म्हणाले, आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

काकांनी पुन्हा फोन करून बाणाचं सांगितलं, तसे साहेब परवाची वाट न बघता दुसऱ्या दिवशी सकाळीच जातीने आले. भिंत रंगवायचा हुकूम कुणाचा, असं टाचणीने विचारताच त्यांना मोठा खोकला आला. मग त्यांनी बाण पुन्हा लाल करायला सांगितला. "या मुलांचे डोळे आमच्या कचेरीला हवेत," असंही ते म्हणाले. टाचणीच्या मते डोळे कचेरीत होतेच, फक्त उघडायचे राहिले होते.

सगळे काठीपाशी गेले. टाचणीने ती आदल्या संध्याकाळी पुन्हा पाण्याच्या कडेला रोवली होती. पाणी तिला चिकटूनच होतं, जिथे होतं तिथेच! उरलेल्या पाण्यात मासे पावसाळ्यापर्यंत तगणार होते. आईने साडी खोचली, चिखल तुडवत आत गेली आणि भोवऱ्याला हाक मारली, "ये, मी आहे." भोवरा पाण्यावर पाठ टेकून पडला, आणि जन्मात पहिल्यांदा स्थिर राहिला.

काका उडीच्या दगडावर बसले होते. त्यांना असं निवांत बसलेलं मावशीने कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. गिऱ्हाईकाचा होता.

"नाही, नाही विकायचं," काका म्हणाले. "हो, काल विकायचं होतं, आज उलट झालं. आमच्या घरात याला आबांचं चाक म्हणतात."